विसळलेली पिचकारी

अहो, तुमचं चारशेतीस खोटं होतं.

हे आधीच सांगून टाकते. तुम्ही असता तर चहा ठेवायच्या आधीच सांगितलं असतं, आणि तुम्ही ‘कोण म्हणतंय?’ म्हणत चष्मा शोधायला उठला असतात. आपल्या लेकीनं, गौरीनं, तुमच्या माशांच्या टाकीतल्या पाण्याचं कॅल्शियम मोजलं. तीनशेचाळीस आलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. परांड्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मिठाच्या पिशव्या ओतून तुम्ही जो समुद्र केला होता, त्यात पोवळ्याला वाढायला लागतं तेवढं कॅल्शियम नव्हतंच. गेलं वर्षभर आपण यावरूनच भांडलो. मी म्हणायची, पोवळं मरायला लागलंय, डोळ्यांना दिसतंय. तुम्ही म्हणायचात, रीडिंग चारशेतीस आहे, तुझ्या डोळ्यांना काय कळतंय. मी जिंकले, आणि ऐकायला तुम्ही नाही.

आणखीही एक सांगायचंय. ते याहून अवघड आहे. तेही आजच सांगणार आहे, पण आधी मला थोडं इकडचं तिकडचं बोलून घेऊ द्या. मी मुद्द्यावर सरळ कधी येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे. लोक येतात, सतरंजीवर बसतात, माझ्याकडं बघून मान हलवतात, आणि थोड्या वेळानं सगळ्यांच्या माना टाकीकडं वळतात. निळ्या उजेडात ते नारंगी मासे आपले इकडून तिकडं फिरत असतात. दुःखाच्या घरात असलं काही चालू ठेवावं की नाही, हे कुणाला कळत नाही. तुमच्या मावसबहिणीनं मला हळूच विचारलं, ‘ते लायटिंग बंद करता येत न्हाय का गं?’ मी म्हटलं, बंद केलं तर घरात आणखी मयत होईल.

शेजारच्या शकीलाआपा मात्र पहिल्याच दिवशी, सगळी रडारड चालू असताना, माझ्या कानाशी आल्या नि म्हणाल्या, ‘भाभी, मच्छ्यांना आज खाना डाला क्या कुणी?’ कुणीच टाकला नव्हता. त्यांनीच डबी शोधली आणि चिमूटभर खाणं टाकलं. मग पदर तोंडाला लावून माझ्याशेजारी येऊन बसल्या. एवढ्या भरल्या घरात ही आठवण त्यांना एकट्यांनाच झाली.

तुमचे भाऊ, नागनाथभावजी, यांचं वेगळंच. चार दिवस जाऊ दिले आणि म्हणाले, ‘वैनी, ही काचेची पेटी आता काढून टाकू. बार्शीला एक मासेवाला हाय वळखीचा, तो येऊन घिऊन जाईल. खाऱ्या पाण्यानं भिंतीला वल धरली बघा. तितं अण्णाचा मोठा फोटो लावू.’

‘थांबा जरा भावजी,’ मी म्हटलं.

‘कशापायी?’

‘त्यांचं आन् माझं एक भांडण राहिलंय टाकीपाशी. ते मिटू द्या.’

त्यांना वाटलं, मी दुःखानं काहीतरी बरळतेय. त्यांनी गौरीला खूण केली. पण मी खरंच तेवढ्यासाठीच टाकी ठेवून घेतली होती. तुमच्यावरचं प्रेम वगैरे नंतर. आधी मला कळायला हवं होतं की बरोबर कोण होतं.

हा समुद्र आपल्या घरात आला तो तुमच्या दाढेमुळं. गौरीकडं पुण्याला गेलो होतो, दाढ ठणकायला लागली, आणि दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ती टाकी होती. दाढ काढून झाली, तोंडात कापसाचा बोळा, निम्मा गाल बधिर, आणि तुम्ही टाकीपुढून उठायला तयार नाही. परतीच्या वाटेवर बोलता येत नव्हतं म्हणून गप्प होतात एवढंच. कुर्डुवाडी आल्यावर बोळा थुंकलात आणि पहिलं वाक्य बोललात, ‘आपल्याकडं का न्हाय व्हणार?’

‘प्यायला टँकर लागतो त्या गावात?’ मी म्हटलं.

‘तेच तर. कुणाच्यात न्हाय ते आपल्यात पायजे.’

भांड्याच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, पितळेचा भाव आणि स्टीलची जाडी यापलीकडं कशात डोकं घालत नव्हता. तो माणूस साठीच्या पुढं मोबाईलवर पोवळ्यांचे व्हिडिओ बघायला लागला. मी म्हटलंही, माझ्या मंगळसूत्रातली दोन पोवळी पुरे होती की तुम्हाला. ती आता डब्यात काढून ठेवली आहेत. तुमची पोवळी बाहेर टाकीत आणि माझी डब्यात, असं झालंय सगळं.

गावानं तर तुम्हाला काय काय म्हणून घेतलं. दुकानासमोरून जाणारे मुद्दाम थांबायचे. ‘अण्णा, गोडं पानी मिळंना, आन् तुमी खारं करताय व्हय?’ तुम्ही अजिबात चिडायचा नाहीत. ‘आरं, खारं केलं की कुणी मागायला तर येत न्हाय,’ म्हणायचात. पण हे बोलण्यापुरतंच. पाणी गाळायच्या मशीनमधून जे टाकाऊ पाणी निघायचं, त्याच्या बादल्या तुम्ही स्वतः उचलून शकीलाआपांच्या दारात ठेवायचात, भांड्यांना आणि शेळीला. मागच्या उन्हाळ्यात नळ आठवडाभर आला नाही, तेव्हा त्यांचं घर तुमच्या समुद्राच्या सांडपाण्यावर चाललं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. टाकी काढायचा विषय निघाला त्या दिवशी शकीलाआपांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा नागनाथभावजींनी खाली बघितलं.

आता त्या चाचणीचं. दुकानाच्या सुटीच्या दिवशी अंघोळ, लिंगपूजा आणि मग कॅल्शियम, हा क्रम कधी मोडला नाही. एक छोटी कुपी, एक मोठी पिचकारी, एक बारकी पिचकारी, दोन बाटल्या आणि एक भुकटी. सिरिंज म्हणायचं तुमच्या जिवावर यायचं. टाकीचं पाणी मोजून कुपीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, भुकटी टाकायची, की पाणी गुलाबी व्हायचं. मग बारकी पिचकारी दुसऱ्या बाटलीतल्या औषधानं भरायची आणि एकेक थेंब सोडत कुपी हलवायची. गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. पिचकारीतलं औषध जेवढं जास्त लागेल, तेवढं कॅल्शियम जास्त. एवढं तुम्हीच मला शिकवलं होतं, टाकीपुढच्या तुमच्या खुर्चीजवळ उभी करून.

‘शांता, हिकडं ये. निळं झालं का बघ.’

‘न्हाय. जांभळं हाय.’

‘आगं निळं हाय. जांभळं म्हंजी वांग्याचा रंग.’

‘मग हे वांगंच हाय.’

मग माझ्या समाधानासाठी आणखी एक थेंब, आणि तुम्ही पिचकारी डोळ्यांपुढं धरून घरभर ऐकू जाईल असं ओरडायचात, ‘चारशेतीस!’ निवडणुकीचा निकाल लागल्यासारखं.

सुरुवातीला आकडा याहूनही मोठा यायचा, मग चारशेतीसवर टिकला; तेवढं पुरतं, म्हणायचात. पोवळं तेव्हा वाढत होतं. ते फांद्याफांद्यांचं हिरवं, ज्याला मी झाड म्हणायची आणि तुम्ही चिडायचात. ‘झाड न्हाय, जनावर हाय ते. दगडाचं घर बांधून ऱ्हातं. त्याला चुना लागतो, कॅल्शियम लागतं, आपल्या हाडाला लागतं तसं.’ वाढत्या पोवळ्याची टोकं पांढरी असतात, हेही तुम्हीच दाखवलंत. बोट काचेवर टेकवून म्हणालात, ‘हे बघ, हितनं ते वाढतंय.’ तेव्हा मला तुमचा फार हेवा वाटला होता. या वयात रोज उठून बघावंसं वाटेल असं काहीतरी तुम्हाला सापडलं होतं, आणि ते तुम्ही एकट्यानं बघत बसला नाहीत. मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायचात. हाक मारली नसती तर मी कधी पोवळं तोंड उघडताना बघितलं नसतं.

मग मागच्या उन्हाळ्यापासून ती पांढरी टोकं दिसेनाशी झाली. दगडांवरचा जांभळट थर विटायला लागला. पोवळं होतं तेवढंच राहिलं, मग खालच्या फांद्या फिक्या पडल्या. मी म्हटलं, याला काहीतरी कमी पडतंय. तुम्ही मोजलंत. चारशेतीस. मी म्हटलं, किट जुनं झालं असेल. तुम्ही नवीन मागवलंत. दुसऱ्या कंपनीचं. तेही चारशेतीस. ‘दोन साक्षीदार हायेत,’ म्हणालात, ‘कोर्टात बी एवढं पुरतं.’

गौरीनं फोनवर सांगितलं, ‘अप्पा, एक तपासायची बाटली मिळते. तिच्यात कॅल्शियम किती हे आधीच लिहिलेलं असतं. ती मोजून बघा, म्हणजे किट खरं की खोटं ते कळेल.’ तीही मागवलीत. तिच्यावर चारशे लिहिलं होतं. तुम्ही मोजायला बसलात तर अख्खी पिचकारी संपत आली तरी पाणी निळं व्हायचं नाव घेईना. शेवटी पाचशे आलं. तेव्हा कुणीही समजलं असतं की मोजण्यातच काहीतरी घोळ आहे. तुम्ही काय म्हणालात? ‘बाटली पार्सलमदी उन्हात तापली. पानी उडून गेलंय तिच्यातलं.’ आणि ती बाटली माळ्यावर टाकून दिलीत. पुढं तुम्ही मीठ बदललंत, दिवा बदललात, पाणी ढवळायचा पंखा बदललात. लोडशेडिंगला शिव्या घातल्या. पाण्यात घालायचा कॅल्शियमचा डबा मात्र सील न फोडता तसाच ठेवलात, कारण कॅल्शियम पुरेसं होतं.

मला राग येतो तुमचा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी कुणाला विचारून रागावत नाही.

आता तुमची सवय. परांड्याची धूळ पालथ्या पेल्यातही जाते, म्हणून आपल्या घरात भांडं विसळल्याशिवाय कुणी भरत नाही. पण तुमचा नियम त्याच्याही पुढचा होता. तुमच्या आईकडून, आत्याबाईंकडून आलेला आणि दुकानात पक्का झालेला. विसळायचं, झटकायचं, पुसायचं नाही. फडकं म्हणजे साऱ्या घराची घाण, फडक्यानं पुसलेलं भांडं पुन्हा धुवावं लागतं. एखाद्या गिऱ्हाइकानं नवा तांब्या उपरण्यानं पुसून बघितला, तर तो गेल्यावर तुम्ही तांब्या पुन्हा नळाखाली धरायचात. हातांनाही तोच कायदा. हात धुतले की झटकायचे. बेसिनपासून तुमच्या खुर्चीपर्यंत फरशीवर थेंबांची रांग, आणि मागून माझा आवाज, ‘अहो, हात पुसा की! फरशी वली होतीय.’ लग्न झाल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडात आहे. तुम्ही कधी ऐकलं नाहीत आणि मी कधी थकले नाही.

रक्तातली साखर मोजायचं मशीनही तुम्ही त्याच खुर्चीत बसून लावायचात. हात धुवायचे, झटकायचे, बसायचं, बोटाला टोचायचं. ‘एकशेवीस!’ त्याच आवाजात. बार्शीचे डॉक्टर म्हणाले होते, एकदा लॅबमध्ये तीन महिन्यांची साखर बघून घ्या. तुम्ही म्हणालात, घरात मशीन असताना परक्याच्या सुईपुढं हात कशाला करायचा. मग साखरेची गोळी अर्धी केलीत. ‘रीडिंग चांगलं हाय. उगं पोटात इख कशाला घालायचं?’

एकदा भर दुपारी आपण किल्ल्याकडून चालत येत होतो. डांबर पायाला चिकटत होतं. तुमच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि तुम्ही तसेच अनवाणी पुढं चालत गेलात, शेतमालाच्या भावाबद्दल बोलत. मी चप्पल उचलून मागून पळत आले.

‘अहो, पाय भाजंना का तुमचा?’

तुम्ही खाली बघितलंत. ‘आयला, कधी निघाली?’

‘हे बरं न्हाय. साखरेनं पाय बधिर होत्यात म्हणं. चला डॉक्टरकडं.’

‘कालच मोजलीय, शांता. एकशेअठरा.’

पाणी जास्त प्यायला लागला होतात. दुपारी दुकानात बसल्या जागी डुलकी लागायची. कपडे ढिले झाले होते. मला दिसत होतं, मी सांगत होते, आणि प्रत्येक वेळी तुम्ही एक आकडा माझ्या तोंडावर ठेवायचात. आकड्यापुढं बाईचं काय चालतं? पोवळ्याच्या बाबतीतही तसंच, तुमच्या बाबतीतही तसंच. पण तेव्हा या दोन गोष्टी एकत्र मला दिसल्या नाहीत. दोन वेगळी भांडणं आहेत असंच मी धरून चालले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, छातीत भरल्यासारखं वाटतंय. मी पिशवी भरायला घेतली, बार्शीला जायचं म्हणून. ‘थांब, आदी मोजतो,’ म्हणालात. बेसिनचा नळ वाजला. थेंबांची रांग उठली. ‘एकशेपंधरा! बघ, ठणठणीत.’ माझं काही न ऐकता त्याच खुर्चीत बसलात, टाकीकडं तोंड करून, आणि गाडी येईपर्यंत सगळं झालं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय. मग विचारलं, ‘साखर किती असायची?’ मी सांगितलं, चांगली असायची, एकशेवीसच्या आत. तुमचंच वाक्य, अगदी तुमच्यासारखं ठासून सांगितलं मी.

घरी आणल्यावर तुम्हाला अंघोळ घातली. विधीला आलेले जंगम म्हणाले, ‘अंग कोरडं करा आई, वल्या अंगावर विभूती बसत न्हाय.’ मी कपाटातला नवा पंचा काढला आणि तुमचे हात पुसले. एकेक बोट. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही हात पुसू दिलेत. तेव्हाही माझ्या मनात हेच आलं की आता कसे गप्प पुसून घेतायत. रडता रडता मला हसू आलं आणि सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

आता गौरीनं काय केलं ते सांगते. भावजींनी मासेवाल्याला बोलवायचं पक्कं केलं, तेव्हा ती म्हणाली, आई, देण्याआधी एकदा आपण पाणी मोजून बघू. ती खुर्चीत बसली. किट उघडलं. सगळं गेल्या वेळेपासून कोरडं पडलेलं होतंच. तिनं तसंच औषध भरलं आणि दोनदा मोजलं. तीनशेचाळीस.

‘असं न्हाय गं,’ मी म्हटलं. ‘आदी विसळून घ्यायचं. अप्पा विसळायचे.’

‘काय विसळायचे?’

‘सगळंच. पिचकारी बी.’

तिनं उठून बारकी पिचकारी नळाखाली धरली, पाणी ओढलं, सोडलं, झटकली, तुम्ही करायचात अगदी तसं मी तिच्याकडून करून घेतलं. तिनं पिचकारी उजेडात धरली. दट्ट्याखाली आणि टोकात पाणी राहिलेलं होतं. आपलं बोअरचं जड पाणी, ज्यानं तांब्यावर पांढरे थर चढतात. त्याच्यावर तिनं औषध भरलं आणि टाकीचं तेच पाणी पुन्हा मोजलं. थेंब पडत राहिले आणि पाणी गुलाबीच. निळं झालं तेव्हा आकडा आला चारशेतीस.

औषध पातळ होत होतं, अहो. पातळ म्हणून जास्त लागत होतं, आणि जास्त लागलं म्हणून तुम्हाला वाटत होतं कॅल्शियम जास्त आहे. दोन किट काय, दहा किटं मागवली असतीत तरी चारशेतीसच आलं असतं, कारण दहाही तुम्ही विसळली असतीत. माळ्यावरची ती बाटली बिचारी खरं बोलत होती.

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो, पोट दुखेपर्यंत. गौरी म्हणाली, ‘अप्पा आत्ता म्हणाले असते, मग काय घाण पिचकारी वापरू का?’ तुम्ही गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं. टाकीतले मासे खाणं मिळेल म्हणून काचेपाशी आले होते.

तेवढ्यात ती म्हणाली, ‘आई, बस. तुझी बी साखर बघू. अप्पांमागं तू काय खातीस, काय न्हाय, काय पत्ता न्हाय.’

मी बेसिनवर हात धुतले. फडकं आत होतं, आणायचा कंटाळा केला. झटकले. तुमच्या खुर्चीत बसले आणि बोट पुढं केलं. गौरीनं सुई उचलली आणि थांबली. माझ्या बोटाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. ती त्या थेंबाकडं बघत होती. शेजारीच टेबलावर ती बारकी पिचकारी पडलेली होती. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘आई, हात पूस.’

मी पुसला नाही. म्हटलं, आधी असंच घे. तिनं टोचलं. त्र्याण्णव. मग दुसरं बोट कोरडं पुसलं, त्याचं घेतलं. एकशेएकोणतीस.

रक्ताच्या थेंबात पाणी मिसळलं की साखर कमी दिसते, हे सांगायला कुणा शिकलेल्या माणसाची गरज नव्हती. आम्ही नुकतंच पिचकारीत ते बघितलं होतं. एकाच सवयीनं पोवळ्याचं कॅल्शियम जास्त दिसत होतं आणि तुमची साखर कमी. दोन्हीकडं तुम्ही समाधानी.

मशीन बाजूला ठेवत गौरी म्हणाली, ‘अप्पांचं तसंच झालं असंल असं न्हाय, आई. कदी कोरडं बी असंल बोट. सांगता येत न्हाय.’ ती मला सावरायला बोलत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. तिचं बरोबर आहे. सांगता येत नाही. टाकीतलं पाणी पुन्हा मोजता आलं, तुम्हाला पुन्हा मोजता येत नाही. तुमचं खरं किती होतं, हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही. हेच ते दुसरं. हे सांगायचं होतं.

अहो, रोज मी ओरडत होते की हो. रोज. हात पुसा, हात पुसा. बरोबर तेच वाक्य, बरोबर त्याच वेळी, तुम्ही बेसिनपासून त्या खुर्चीकडं निघाल्यावर. पण मी ते फरशीसाठी ओरडत होते. मला माहीत असतं, तर मी मागून पळत आले असते, हातातलं टाकून आले असते, तुमचा हात धरून पदरानं पुसला असता. तुम्ही कितीही ‘घाण पदर’ म्हणाला असतात तरी पुसला असता. तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. याचा राग कुणावर काढू? आत्याबाईंवर? धुळीवर? स्वच्छ राहण्यात माणूस फसतो हे कुठं ऐकलंय का कुणी?

भावजी परवा मासेवाल्याला घेऊन आले. मी त्याला चहा दिला आणि टाकी मिळणार नाही म्हणून सांगितलं. भावजी म्हणाले, ‘वैनी, भांडान मिटलं न्हवं तुमचं?’ मी म्हटलं, ‘मिटलं न्हाय भावजी, वाढलंय.’ तुमचा फोटो दुसऱ्या भिंतीला लावलाय. तिथून टाकी दिसते.

कॅल्शियमचा डबा मी फोडला. गौरीनं दाखवल्याप्रमाणं थोडं थोडं घालते. एकदम घातलं तर त्याला सोसत नाही म्हणे. मोजायच्या आधी पिचकारी कोरडी करते. त्यासाठी एक पांढरं फडकं वेगळं ठेवलंय, रोज उकळून वाळवते, तेव्हा त्याबद्दल तुम्ही काही बोलायचं नाही. पोवळ्याच्या एका फांदीच्या टोकाला पांढरं दिसल्यासारखं वाटतंय. शकीलाआपांना बोलावून दाखवलं, त्या म्हणाल्या, ‘दिखता है भाभी, जरासा.’ त्यांना खरंच दिसलं की माझं मन राखलं, कोण जाणे. मीही आता माझ्या डोळ्यांवर लगेच विश्वास ठेवत नाही. पूर्वी ठेवायची. तुम्हीच ती हौस घालवलीत.

टाकीला खाणं टाकताना मी तुमच्या खुर्चीत बसते. बेसिनपासून इथंवर फरशी कोरडी असते. इतकी वर्षं मला जशी हवी होती, तशी. त्या कोरड्या फरशीकडं बघितलं की मी उगाच माशांशी बोलायला लागते.

या की हो एकदा. नळ सोडा, हात धुवा, घरभर झटका, हवी तेवढी फरशी ओली करा, मी एक शब्द बोलणार नाही. बोट तेवढं पुसा.